गिधाडाचं सोंग आणि औषधाची बाटली : एका पाड्यावरचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्री पालघरच्या बाजूला उतरू लागतो तिथलं हे गाव. गावाचं, शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मूळ गाव लहान, बाकी वस्ती पाड्यांवर विखुरलेली. कोकणा, वारली, महादेव कोळी अशी घरं शेजारी-शेजारी. भात, नागली, वरई पिकते, बहुतेक घरी दोन-चार ढोरं असतात. दिवाळी झाली की निम्मी घरं द्राक्षबागांत नाहीतर वीटभट्टीवर कामाला जातात आणि शिमग्याला परततात. इथे गिधाडं वाचवण्याचं काम उभं राहिलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका गुरुजींमुळे. ते स्वतः चित्रं काढत, मुलांकडून मातीकाम करून घेत. नाशिकचा पक्षीप्रेमींचा एक छोटा गट त्यांच्या जोडीला होता, आणि त्या गटासाठी २०२२च्या पावसाळ्यापासून २०२५पर्यंत मी या कामाच्या नोंदी ठेवल्या.

गावामागच्या कड्यात लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांना घरट्यासाठी उंच झाडं लागतात. तीही इथे पूर्वी होती. बैल मेला आणि माळावर ओढून टाकला की दुपारपर्यंत नुसती हाडं उरायची, असं म्हातारी माणसं सांगतात. आज दोन्ही जाती अतिसंकटग्रस्त आहेत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरावं इतकी घटली. लांब चोचीच्या गिधाडांचीही शंभरातली जवळपास सत्त्याण्णव गेली.

कारण उमगायला २००४ उजाडलं. जनावराच्या तापावर, सुजेवर, लंगडण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे ते कारण. औषध टोचल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलं तर औषधाचा अंश मांसात राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो आणि पक्षी मरतो. शंभरात एकाहून कमी मढी अशी विषारी असली तरी अख्खी जात कोसळायला तेवढी पुरतात, कारण एका मढ्यावर एका वेळी कितीतरी गिधाडं उतरतात. भरपाई तर फारच सावकाश होते. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू मोठं होऊन स्वतः घरटं करायला पाचेक वर्षं जातात.

भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या, म्हणून २०१५मध्ये ते इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतं मर्यादित केलं गेलं. कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दोन औषधंही गिधाडांना घातक. ॲसिक्लोफिनॅकचं तर जनावराच्या अंगात डायक्लोफिनॅकच होतं. या दोघांवर बंदी आली २०२३च्या जुलैत. तारखांचा हा क्रम लक्षात ठेवावा. पुढचे बरेच निर्णय त्याच्यावरच अडले किंवा सुटले.

अडचण नेमकी कुठे होती

सप्टेंबरचा पहिला शनिवार आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिन म्हणून पाळतात. २०२२मध्ये शाळेत त्या दिवशी चित्रस्पर्धा झाली, फेरी निघाली, घोषणा झाल्या. मुलांनी मोबाइलवर पाहून चित्रं काढली होती, त्यामुळे पुष्कळ चित्रांत लाल डोक्याची, परदेशातली गिधाडं उतरली. कड्यावरचं, रोज दिसणारं करडं-तपकिरी गिधाड एखाद्-दुसऱ्या चित्रातच होतं. गुरुजींनी वर्गात जटायूची गोष्ट रंगवून सांगितली. इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद जटायूशी जोडलेलं आहे, तिथे जाऊन आलेली मुलं वर्गात होती. गोष्ट त्यांना भिडली.

त्याच हिवाळ्यात कड्याखाली एक गिधाड मान टाकून बसलेलं गुराख्यांना दिसलं. दुसऱ्या दिवशी ते मेलं. वनरक्षकाने रीतसर पंचनामा करून ते शवविच्छेदनाला पाठवलं. आत खडूसारखा पांढरा थर होता.

घोषणा देऊन चार महिने झाले नव्हते. पण माझ्या मते या प्रसंगाने खरी अडचण उघडी पडली. गावात गिधाडाविषयी राग नव्हताच. कुणी त्याला मारत नव्हतं, कुणी घरटं उतरवत नव्हतं. गिधाड घरावर बसलं तर वाईट, असं काही जण मानत, पण त्यापायी पक्ष्याला इजा झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. जटायूविषयी तर आदरच होता. म्हणजे ‘गिधाडावर प्रेम करा’ हा धडा अशा लोकांना दिला जात होता, ज्यांचं त्याच्याशी भांडण नव्हतं. विष जात होतं सुईतून. ती सुई टोचली जात होती ती दुखणाऱ्या बैलाच्या काळजीपोटी. खरिपाच्या तोंडावर बैल बसला की घराचं वर्ष बसतं. त्याला आराम पडावा म्हणून जे मिळेल ते माणूस आणणारच.

त्यात २०२२चा लम्पीचा उद्रेक. मेलेली जनावरं खोल खड्ड्यात पुरायच्या सूचना आल्या आणि त्या योग्यच होत्या. पण साथ ओसरल्यावरही पुरण्याची सवय राहिली, आणि कड्यावरच्या गिधाडांचं अन्न आटलं.

मुलांनी उतरवून आणलेली अक्षरं

पुढचं पाऊल गुरुजींनी चित्रकलेच्या तासातून टाकलं. गोठ्यात, वळचणीला, कौलाखाली खोचलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या प्रत्येक घरी असतात. गुरुजींनी मुलांना सांगितलं, बाटली हातात न घेता, जिथे असेल तिथेच बघून तिचं चित्र काढून आणा. आकार, रंग, झाकण, आणि वर लिहिलेली अक्षरं जशी दिसतात तशी. बहुतेक लेबलं इंग्रजीत. मराठी शाळेतल्या लहान मुलांनी ती अक्षरं वाचली नाहीत, चित्रासारखी उतरवली, आणि म्हणूनच ती अचूक उतरली.

मी त्या चित्रांची चळत पाहिली आहे. निरीक्षणातून चित्र काढायला शिकवणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांनी शाळेत बसून एकेक कागद वाचला. जंतनाशकं होती, जीवनसत्त्वं होती, गोचिडांचं औषध होतं. कीटोप्रोफेन होतं. गिधाडांना तितकंच घातक निमेसुलाइड होतं. आणि तीन-चार घरांतून माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या छोट्या कुप्या, एकीशेजारी एक अशा पाच-सहा. मोठी बाटली मिळत नाही म्हणून लहान कुप्या एका सिरिंजमध्ये ओढून बैलाला टोचल्या जात होत्या.

‘हात न लावता’ ही अट घालण्यावरून आधी वाद झाला होता. गटातल्या काहींचं म्हणणं होतं, बाटल्याच गोळा करून आणू, पुरावा पक्का राहील. पर्यवेक्षकांनी ते ठामपणे नाकारलं. बाटल्यांबरोबर सुया येतात, आणि एका मुलाच्या बोटाला सुई टोचली तर सगळं काम तिथेच थांबेल. चित्राने माहिती मिळाली आणि मुलंही सुरक्षित राहिली. घरोघरच्या आया-बापांनाही शाळेने झडती घेतल्यासारखं वाटलं नाही. मूल चित्र काढतंय, एवढंच त्यांनी पाहिलं.

समोरचे पर्याय

२०२३च्या सुरुवातीला गट, गुरुजी, पर्यवेक्षक, वनरक्षक आणि गावातली काही जाणती माणसं एकत्र बसली. आता पुढे काय, यावर एकमत नव्हतं.

तक्रार करावी, असं एक मत होतं. अन्न व औषध प्रशासनाला कळवावं, दुकानावर कारवाई व्हावी. पण कीटोप्रोफेनवर तेव्हा बंदीच नव्हती, निमेसुलाइडवरही नव्हती. माणसांचं डायक्लोफिनॅक दुकानात ठेवणं कायदेशीरच आहे. ते बैलाला टोचणं चूक, पण टोचणारा होता गावातलाच शेतकरी. तक्रार त्याच्यावर उलटली असती आणि पुढच्या वेळी एकाही घराने मुलाला बाटलीचं चित्र काढू दिलं नसतं. तक्रारीचा रस्ता बाजूला ठेवला गेला. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला.

दुसरं मत आसामकडे बोट दाखवणारं होतं. तिथे पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना बरोबर घेऊन हरगिला या मोठ्या करकोचावर्गी पक्ष्यासाठी उभं केलेलं काम जगभर नावाजलं गेलं आहे. बायका गमोशा या आसामी उपरण्यावर, साड्यांवर हरगिला विणतात, घरट्यांच्या मोसमात पक्षिणीचं डोहाळजेवण करतात. २०२३मध्ये हरगिलाचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘संकटसमीप’ असा सुधारला. आपणही वारली चित्रांतून गिधाड घरोघरी न्यावं, पिशव्या, कापड विकावं, असं गटातल्या तरुणांना वाटत होतं.

इथे गुरुजींनी एक प्रश्न विचारला आणि चर्चेची दिशाच बदलली. तिथे झाड तोडायचं की ठेवायचं, हे कोण ठरवतं? हरगिला लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर घरटी करतो. ज्या अंगणात विष्ठा आणि मासळीचे तुकडे पडतात, त्याच अंगणातल्या बाईला पक्षी आपला वाटला की झाड वाचतं. तिथे निर्णय घेणारी आणि विणणारी बाई एकच आहे. आपल्याकडे निर्णय कुठे होतो? मेडिकलच्या फळीवर. ढोर आजारी पडलेल्या घरातला माणूस तिथे जाऊन म्हणतो, ‘बैल लंगडतोय, सुई द्या.’ औषधाचं नाव त्याला माहीत नसतं. दुकानदार जी हाताला येईल, जिच्यात सुटतं, ती देतो. म्हणजे आपलं चित्र त्या दोघांच्या मधे, त्या फळीवर पोचलं पाहिजे.

तिसरा पर्याय गिधाड उपाहारगृहाचा होता. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभाग आणि गावकऱ्यांनी असं केलेलं सगळ्यांना माहीत होतं. ठरलेल्या जागी निर्धोक मढी टाकायची आणि गिधाडांनी तिथे यायचं. हा पर्याय टाकून दिला नाही, पण आधी मढं निर्धोक आहे हे कळायला हवं, नाहीतर आपणच विषाची पंगत वाढू, असं पर्यवेक्षक म्हणाले. म्हणून औषधाचा प्रश्न आधी आणि जागेचा नंतर, असा क्रम ठरला.

बोहाडा की बाजार

या भागात चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर, मशालींच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं. गणपती, शारदा, मग रामायण-महाभारतातली पात्रं, राक्षस, आणि शेवटी देवीच्या हातून महिषासुराचा वध. मुखवटे कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले. कोणतं सोंग कोणत्या घराने धरायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं.

तरुणांची कल्पना अशी, की यंदाच्या बोहाड्यात जटायूचं नवं सोंग आणायचं. सीताहरण, मग जटायू पडतो, आणि पडताना सांगतो की मला रावणाने नाही, सुईने मारलं. ऐकायला कल्पना जबरदस्त होती. वनविभागातल्या एका साहेबांना ती इतकी आवडली की खर्चाची तयारीही त्यांनी दाखवली.

गावातल्या वडीलधाऱ्यांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं मी जवळपास त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं आहे: ‘सोंग धरायच्या आधी मुखवट्याची पूजा होते. ते सोंग नवसाचं असतं. त्याच्या तोंडी दुकानाची गोष्ट घालायची नाही.’ या गावच्या बोहाड्यात जटायूचं सोंग कोणत्याच घराकडे नव्हतं. नवं आणायचं तर कोणाच्या घराकडे द्यायचं, हा दुसरा तिढा.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. संवर्धनाचं काम करणाऱ्यांना लोककला ही तयार वाट वाटते, कारण लोक तिथे आधीच जमलेले असतात. पण ती रात्र लोकांनी ज्यासाठी राखून ठेवली आहे, ते कारण बाजूला सारून आपला निरोप आत घुसवला तर निरोप पोचत नाही आणि गावाची श्रद्धाही दुखावते. साहेबांच्या पैशावर सोंग आलं असतं, फोटो निघाले असते, आणि पुढच्या वर्षी ते मुखवटे शाळेच्या कपाटावर धूळ खात पडले असते. गटाने नकार मानला, आग्रह धरला नाही. यातूनच पुढचं दार उघडलं. नकार देणाऱ्यांपैकीच एक आजोबा, स्वतः मुखवटे करणारे, म्हणाले की शाळेला मुखवटे करायला मी शिकवतो, पण देवाच्या मुखवट्याची नक्कल करायची नाही आणि खेळ बोहाड्याच्या रात्री करायचा नाही.

मुलांनी त्यांच्याकडून लगदा भिजवणं, साच्यावर थर चढवणं, वाळवणं शिकून घेतलं. मुखवटे झाले गिधाडांचे, बैलाचे, कावळ्यांचे, कुत्र्यांचे. खेळ बसवला तो आठवडे बाजारात करायला. बाजाराला दहा गावची माणसं येतात, दुकानदारही तिथेच असतात. आजोबांना शिकवण्याचं मानधन दिलं गेलं. हा खर्च गटाने पहिल्यापासून धरला होता, आणि लोककलावंतांकडून फुकट शिकून घेण्याच्या आपल्याकडच्या सवयीत ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

भिंतीवरचं मढं

शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर चित्र काढायला गावातल्याच एक वारली बाई तयार झाल्या. लग्नात चौक लिहिणाऱ्या सवाशिणींमधल्या त्या. वारली चित्र मुळात बायकांनी लग्नासाठी घराच्या भिंतीवर लिहायचं. त्याला कागदावर, बाहेरच्या जगात नेलं ते जिव्या सोमा म्हसे यांनी, १९७०च्या दशकापासून. या बाईंनी दोन्ही केलं होतं. लग्नचौकातलं देवीचं काही इथे येणार नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं.

गटाने त्यांना आधी जो आराखडा दिला तो देखणा होता: कडा, त्यावर गिधाडांचा थवा, खाली नाचणारी माणसं. त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, ‘हे खातात काय ते दाखवायचं नाही का?’ शाळेच्या भिंतीवर मेलेलं जनावर नको, असं शिक्षकांपैकी काहींना वाटत होतं. पालक काय म्हणतील, तपासणीला अधिकारी येतील. दोन बैठका यावर गेल्या. शेवटी गावातल्या बायकांनाच विचारलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ढोर मरतं, ओढून नेतात, गिधाडं येतात. मुलं ते बघतच मोठी होतात.

मग चित्र लिहिलं गेलं ते असं: लंगडणारा बैल, त्याच्याजवळ काळजीत उभं घर, तिथून दोन वाटा. एका वाटेवर एक बाटली, बैल मरतो, ओढून नेतात, गिधाडं खातात आणि त्यांतली काही उलटी पडलेली. दुसऱ्या वाटेवर दुसरी बाटली, बैल त्याही वाटेवर मरतो, पण गिधाडं खाऊन कड्याकडे उडतात. दुसऱ्या वाटेवर बैल बरा होताना दाखवावा, असं सुचवलं गेलं होतं. बाईंनी ते मानलं नाही. औषध बदललं म्हणून म्हातारा बैल जगत नाही, आणि खोटं दाखवलं तर लोक बाकीचंही मानणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. मला ही या सगळ्या कामातली सर्वांत नेमकी गोष्ट वाटते.

बाटल्यांची नावं रंगाने लिहायची का, हा शेवटचा प्रश्न. चर्चा चालू असतानाच जुलै २०२३ची बंदी आली, म्हणजे यादी बदलते हे डोळ्यांसमोरच घडलं. चित्राखाली फळ्याच्या रंगाचा काळा पट्टा ठेवला गेला आणि त्यावर खडूने नावं लिहायचं ठरलं: घातक कोणती, त्यांतली बंदी आलेली कोणती, निर्धोक कोणती. निर्धोक म्हणून मेलोक्सिकॅमचं नाव, पुढे टोल्फेनॅमिक ॲसिडचंही. कंपन्यांची नावं टाळली, औषधाचं मूळ नाव तेवढं. डिसेंबर २०२४च्या अखेरीस जनावरांसाठीच्या निमेसुलाइडवर बंदी आली, तेव्हा मुलांनी ते नाव पट्ट्यावर बंदीच्या रकान्यात हलवलं.

चिठ्ठी

भिंत गावात राहते, औषध तालुक्याला मिळतं. म्हणून मुलांनी एक चिठ्ठी छापली. तळहाताएवढा जाड कागद, त्यावर ठशाने उमटवलेलं गिधाड आणि बैल, खाली औषधाचं नाव. गोठ्याच्या खांबाला दोऱ्याने अडकवायची, औषध आणायला जाताना खिशात टाकायची आणि फळीवर ठेवायची. वाचता येत नसेल तरी चालतं.

चिठ्ठीच्या पहिल्या मजकुरात ‘हे औषध घ्या’ असं होतं. पर्यवेक्षकांनी आक्षेप घेतला. मेलोक्सिकॅमसुद्धा डॉक्टरांनी बघून द्यायचं औषध आहे. मात्रा वजनावर ठरते, गाभण जनावराला वेगळा विचार लागतो. शाळाच लोकांना मनाने औषध घ्यायला शिकवणार का? गटातल्या काहींना वाटलं, यामुळे चिठ्ठी बोथट होईल. पण मजकूर बदलला: ‘डॉक्टरसाहेब, यातलं द्या’ आणि मागे दवाखान्याची वेळ. या बदलाचा अनपेक्षित फायदा असा झाला की पर्यवेक्षक चिठ्ठीला आपली मानू लागले. दवाखान्यात मेलोक्सिकॅम असेल याची काळजी त्यांनी घेतली आणि दुकानदारांशी त्यांनीच बोलणं केलं. कुणीही पोस्टर घेऊन गेलं असतं तर दुकानदाराने ऐकून घेतलं असतं इतकंच. रोज ज्यांच्याशी काम पडतं त्या माणसाने सांगितल्यावर त्याने फळीवरचा माल बदलला.

काय झालं

बाजारातला खेळ २०२४च्या शिमग्याच्या सुमाराला झाला. आधी तो डिसेंबरात ठरला होता, पण तेव्हा घरंच गावात नसतात हे गावातल्या आशाताईंनी लक्षात आणून दिलं. खेळात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. मढं ओढायला आलेली माणसं दर वेळी घरधन्याला विचारतात, ‘शेवटची सुई कोणती दिली?’ मुलांना ते हसू येण्यासाठी घातलं होतं. पुढे खरोखर मढं ओढणारे तो प्रश्न विचारू लागले. ग्रामसभेने नंतर मढी टाकायला माळावरची एक जागा ठरवली. पाण्यापासून दूर, कुंपण घातलेली. उत्तर कळलं आणि ते निर्धोक असलं तरच मढं तिथे जातं, नाहीतर पुरतात. संसर्गजन्य रोगाने मेलेलं तर पुरायचंच.

बाटल्यांची चित्रं मुलांनी दुसऱ्यांदा काढली तेव्हा कीटोप्रोफेन क्वचित दिसलं, जुन्या साठ्यातलं. डायक्लोफिनॅकच्या कुप्या पूर्ण गेल्या नव्हत्या. बाजारच्या गावातल्या एका दुकानाने माल बदलला, तालुक्याच्या एकाने बदलला नाही. चिठ्ठी बऱ्याच गोठ्यांत अजून लटकलेली आहे. काही घरांत ती चुलीत गेली.

कड्यावर घरटी आहेत, माळावरच्या जागेवर गिधाडं उतरतात. पण या कामामुळे गिधाडं वाढली असं गटाने कुठेही लिहिलेलं नाही आणि मीही लिहिणार नाही. वर्षाला एक अंडं घालणाऱ्या पक्ष्याबाबत दोन-तीन वर्षांवरून काही ठरत नाही. शिवाय गिधाड एका गावचं नसतं. ताडोब्यात सोडलेलं, पाठीवर यंत्र लावलेलं एक गिधाड तामिळनाडूपर्यंत गेलं होतं. म्हणूनच गिधाडांसाठीचं सुरक्षित क्षेत्र आखताना घरट्यांभोवती १०० किलोमीटरची त्रिज्या धरतात.

पुन्हा करायचं तर

पहिली चित्रस्पर्धा टाळून थेट बाटल्यांच्या चित्रांपासून सुरुवात करता आली असती. शाळेत काही करायचं म्हटलं की स्पर्धा आणि फेरी हेच सुचतं, पण त्यात कुणाचं वागणं बदलायचं आहे याचा विचार झालेला नसतो. त्या एका मोसमात निदान एक गिधाड गेलं.

दुकानदारांना खेळाचे प्रेक्षक म्हणून बोलावलं गेलं, बैठकीला मात्र कधीच बोलावलं नाही. ज्या दुकानाने माल बदलला नाही त्याचं म्हणणं काय आहे, त्याच्याकडे साठा किती पडून आहे, मेलोक्सिकॅममध्ये त्याला काय सुटतं, हे अजून कुणी नीट विचारलेलं नाही. पहिल्याच बैठकीत ते व्हायला हवं होतं.

वारली बाईंच्या भिंतचित्राचा फोटो एका कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर त्यांना न विचारता छापला गेला. नाव नव्हतं, पैसे नव्हते. मानधन देताना हक्काचा कागदही करायचा असतो, ते राहून गेलं होतं. आता तसा कागद आहे आणि फोटो वापरायचा असेल तर आधी त्यांना विचारावं लागतं.

सगळ्यात मोठा धोका मात्र दिसत असूनही त्यावर उपाय नव्हता. २०२५मध्ये गुरुजींची बदली झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती होणारच होती. काम एकाच माणसाच्या खांद्यावर होतं. आता पट्ट्यावरची नावं पर्यवेक्षक बदलून घेतात आणि मुखवटे करायला आजोबा शाळेत येतात, पण बाटल्यांची चित्रं काढून घेणारं सध्या कुणी नाही. नव्या बाई भाषेच्या तासाला ते करून पाहणार आहेत. गुरुजी ज्या शाळेत गेले ती डोंगरापलीकडे, पालघरच्या हद्दीजवळ आहे. कड्यावरची गिधाडं अन्नासाठी त्या बाजूलाही जातात, आणि तिथल्या मेडिकलच्या फळीवर काय आहे ते अजून कुणी पाहिलेलं नाही. चिठ्ठीचा ठसा गुरुजी बरोबर घेऊन गेले आहेत. तिथल्या दवाखान्यात पर्यवेक्षकाची जागा रिकामी असल्यामुळे, डॉक्टरशिवाय ती चिठ्ठी वाटायची की नेमणूक होईपर्यंत थांबायचं, यावर गटात सध्या चर्चा चालू आहे.